लांब शिट्टी

ऑक्टोबरात आमची नदी आटते.
यंत्र अर्ध्या वाटेपर्यंत होडीतून आलं,
पुढे ओदिवाल्दोच्या खांद्यावरून,
गुडघाभर चिखलातून, प्लास्टिकात गुंडाळलेलं,
तान्हं पोर आणावं तसं.
मागून शिपाई, बूट हातात घेऊन.

सातला मी शून्यांची पट्टी छापून घेतली.
प्रत्येक नावापुढे शून्य.
पोस्टरांवरच्या त्या माणसांना
इतकं गप्प मी कधी पाहिलं नव्हतं.
खाली सही केली: जुसिलेने, शिक्षिका,
चौथी-पाचवीचा एकत्र वर्ग,
आजपुरती केंद्रप्रमुख.

रात्रीतून कुणीतरी पत्रकं फेकून गेलेलं.
शाळेच्या जिन्याखाली चिखलात उताणे उमेदवार,
सगळेच हसरे.
त्यांच्यावर पाय देत लोक वर आले, न घसरता.
एवढा तरी उपयोग.

रेडिओवर महिनाभर एकच विषय: राष्ट्राध्यक्ष.
त्याच्यावरून जेनिवाल आणि त्याचा भाऊ
एका छपराखाली दोन चुली मांडून बसलेत.
गव्हर्नरला कोण उभं आहे विचारा,
दोघंही डोकं खाजवतात.
माझा पगार गव्हर्नरकडून येतो,
शाळेच्या होडीचं डिझेलही. येतं तेव्हा.

साडेदहाला दोना इरासेमा आली.
वय एक्याऐंशी. तिला मत देण्याची सक्ती नाही.
कोरड्या पात्रातून तीन तास चालत,
ब्लाऊजमध्ये आकड्यांची चिठ्ठी, घामानं मऊ झालेली.
यंत्रानं तिचं बोट चार वेळा नाकारलं.
कसावा किसून किसून रेषाच उरल्या नव्हत्या.
मी जन्मवर्ष विचारलं.
ती म्हणाली, मोठा पूर आला होता त्या वर्षी.
मी कागदावरचं साल टाकलं.

पुठ्ठ्याच्या आडोशामागे ती बराच वेळ.
पिक. खासदार.
पिक. आमदार.
पिक. सिनेटर.
मग खूप वेळानं, चौथं: पिक.
आणि ती बाहेर आली, चप्पल शोधू लागली.

शेवटची लांब शिट्टी झालीच नव्हती.

दोना, एक उरलंय, राष्ट्राध्यक्ष, मी म्हटलं.
तो लांब राहतो, ती म्हणाली.
मला ज्याला सांगायचं होतं त्याला सांगून झालं.

रांगेत कुणी हसलं, कुणी घड्याळ पाहिलं.

जूनमध्ये याच धक्क्यावर
तिची नात तीन दिवस झोपून होती, तापानं फणफणत.
दवाखान्याची बोट वळणावर लांब शिट्टी देते,
म्हणून दोघी कान लावून.
हे तिनं आज सांगितलं नाही.
नात माझ्या चौथीत होती. हजेरीपटावरचं नाव
मी अजून खोडलेलं नाही.

नियम असा आहे:
मतदार परत फिरत नसेल तर कोड टाकायचा,
यंत्र मोकळं करायचं.
दिलेली चार मतं राहतात, पाचवं कुणाचंच नाही.
ती जिना उतरेपर्यंत मी थांबले.
शेवटच्या पायरीवर तिनं कुणाच्यातरी हसऱ्या तोंडावर
टाच घट्ट रोवली आणि खाली उतरली.
मग मी कोड टाकला.

पाचला निकालाची पट्टी निघाली, हातभर.
एक प्रत दारावर चिकटवली.
राष्ट्राध्यक्षाच्या रकान्यात, तळाशी:
बाद, एक.
राजधानीत उद्या टक्के मोजतील,
त्यात हा एक कुठेही दिसणार नाही.
गव्हर्नरला तिनं कुणाचा आकडा दाबला,
नव्याचा, की जुन्याचाच,
की कोरंच बटण,
मला ठाऊक नाही, ठाऊक असायलाही नको.

ओदिवाल्दोनं यंत्र पुन्हा खांद्यावर घेतलं.
सकाळपेक्षा जड लागतंय का? मी विचारलं.
तो थोडा थांबला, खांदा हलवून पाहिला.
नाही, म्हणाला. तेवढंच आहे.